दुर्गम वाट आणि रोजचा रस्ता : पिकअप वाहनाची पारख

घर घेतल्यानंतर सामान्य कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे वाहन. घराची किंमत काळाबरोबर बहुधा वाढते. वाहनाची मात्र दुकानाच्या दारातून बाहेर पडताच घटू लागते. म्हणूनच वाहन निवडताना हौस आणि गरज यांचा हिशेब अधिक काटेकोरपणे मांडणे इष्ट ठरते. अलीकडच्या काळात बेंगळुरूसारख्या महानगरात एका निराळ्या वाहनाची ओढ दिसू लागली आहे. पुढे पाच जणांची बैठक, मागे उघडा हौदा आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर देण्याची सोय असलेले हे पिकअप वाहन. सोमवार ते शुक्रवार कचेरी आणि शनिवार-रविवारी सह्याद्रीच्या कडेकपारी, अशी दोन्ही कामे एकाच वाहनाने व्हावीत, ही त्यामागची अपेक्षा असते.

ती कितपत पुरी होऊ शकते, हे कसे पारखावे आणि त्यासाठी कर्ज काढताना कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भूमी आणि भोवताल

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बेंगळुरूच्या चहूबाजूंना भूमीचे नाना प्रकार आढळतात. रामनगर आणि सावनदुर्गच्या परिसरात ग्रॅनाइटचे प्रचंड खडक आहेत. शहराभोवतीच्या शेतवाटा तांबड्या मातीच्या आहेत. उन्हाळ्यात त्या टणक असतात, तर पावसाची एक सर येताच निसरड्या होतात. पश्चिमेकडे सकलेशपूर, चिकमगळूर आणि कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांत चढ-उताराच्या, दगडगोट्यांच्या व चिखलाच्या वाटा आहेत. उत्तरेकडे धारवाड, बागलकोट, विजापूरच्या पट्ट्यातील काळी माती पावसाळ्यात टायरच्या खाचांत अशी गच्च बसते, की चाक जागच्या जागी फिरत राहते. बेळगाव, कोल्हापूर वा सोलापूरकडे गाव असणाऱ्या आपल्या मराठी ग्राहकांना या मातीची ओळख निराळी करून द्यायला नको.

उलट बाजूस आहे ते शहर. टॉमटॉम या संस्थेने जगभरातील शहरांच्या वाहतुकीची जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यानुसार २०२३ मध्ये बेंगळुरूच्या मध्यभागात १० किलोमीटर अंतर कापण्यास सरासरी २८ मिनिटे १० सेकंद लागत होते. म्हणजे ताशी वेग जेमतेम २१ किलोमीटर. जे वाहन वर्षातील आठ-दहा दिवस डोंगरात जाणार आहे, ते उरलेले साडेतीनशे दिवस या वाहतुकीत उभे राहणार आहे. तुलनेचा आरंभ याच जाणिवेतून व्हावा.

बाजारातील दोन प्रमुख नावे

टाटांनी १९८८ मध्ये पुण्याहून टाटामोबाइल हे पिकअप बाजारात आणले, तेव्हापासून या प्रकाराची भारतातील वाटचाल सुरू आहे. २००७ मध्ये महिंद्राने स्कॉर्पिओवर आधारित गेटअवे आणली. पुढे टाटांची झेनॉन आली. खासगी वापराचे, आरामदायी पिकअप म्हणून या दोन्ही गाड्यांनी रस्ता तयार केला. परंतु दोहोंची भारतातील विक्री पुढे थांबली.

आज ज्यांची तुलना प्रामुख्याने केली जाते, त्या दोन गाड्या म्हणजे इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स. व्ही-क्रॉस आंध्र प्रदेशातील श्री सिटी येथे तयार होते. ती २०१६ मध्ये १२ लाख ४९ हजार रुपये या प्रारंभिक किमतीस भारतात आली. नव्या प्रदूषण मानकांनुसार २०२१ मध्ये ती पुन्हा सादर झाली, तेव्हा तिला १.९ लिटरचे, १६३ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन देण्यात आले. हायलक्सची किंमत मार्च २०२२ मध्ये जाहीर झाली आणि ती ३३ लाख ९९ हजारांपासून सुरू झाली. तिचे इंजिन २.८ लिटरचे, २०४ अश्वशक्तीचे. या किमती त्या त्या वेळच्या, कर व विमा वगळून आहेत. त्यानंतर त्यांत वेळोवेळी बदल झाले आहेत.

हायलक्सची जुळणी बेंगळुरू-म्हैसूर मार्गावरील बिडदी येथे होते. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या टोयोटा किर्लोस्कर मोटर या कंपनीच्या नावातील दुसरा शब्द मराठी वाचकास घरचा वाटेल. बेळगावात सायकलच्या दुकानापासून आरंभ करून लोखंडी नांगर बनविणाऱ्या आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याची परंपरा अशा रीतीने बेंगळुरूच्या वेशीवरील कारखान्याशी जोडली गेली आहे.

वाटेची परीक्षा

दुर्गम वाटेवर अश्वशक्तीपेक्षा पाच गोष्टी अधिक निर्णायक ठरतात.

पहिली, *पोटाची उंची आणि चाकांमधील अंतर.* माहितीपत्रकात गाडीची जमिनीपासूनची उंची ठळक छापलेली असते. पण पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर तिच्या सोबतीने वाचावे लागते. २०२० मध्ये आलेल्या महिंद्रा थारच्या तीन दारी गाडीची उंची २२६ मिलिमीटर आणि चाकांमधील अंतर २,४५० मिलिमीटर आहे. व्ही-क्रॉसची उंची जवळपास तेवढीच, २२५ मिलिमीटर. चाकांमधील अंतर मात्र ३,०९५ मिलिमीटर. दर मीटर अंतरामागे उंचीचा भाग काढला, तर थारला सुमारे ९२ आणि व्ही-क्रॉसला सुमारे ७३ मिलिमीटर येतो. परिणाम असा, की बांधाचा जो उंचवटा थार सहज ओलांडते, त्यावर लांब पिकअपचे पोट टेकू शकते. हायलक्सचे चाकांमधील अंतर ३,०८५ मिलिमीटर, म्हणजे या बाबतीत दोन्ही पिकअप जवळपास सारख्याच.

दुसरी, *मंद गतीचे गिअर.* चारही चाकांना जोर देणाऱ्या खऱ्या गाडीत नेहमीच्या गिअरखेरीज आणखी एक मंद संच असतो. त्यामुळे चाकावर येणारा जोर साधारणतः दोन ते अडीच पट वाढतो आणि वेग त्याच प्रमाणात उतरतो. चढावर गाडी घाई न करता रांगत जाते. उतारावर इंजिनच तिला धरून ठेवते आणि ब्रेकवरील ताण कमी होतो. येथे एक सूचना महत्त्वाची आहे. एकाच नावाच्या पिकअपच्या काही आवृत्त्यांत केवळ मागच्या दोन चाकांनाच जोर असतो. व्ही-क्रॉसची अशी आवृत्ती २०२१ मध्ये आली होती. बाह्यरूप तेच असल्याने ग्राहकाची फसगत होऊ शकते. म्हणून मागणीपत्रावर आवृत्तीचे पूर्ण नाव लिहून घ्यावे.

तिसरी, *मागच्या आसाची जोडणी घट्ट करण्याची सोय,* म्हणजे डिफरन्शियल लॉक. वळण घेताना दोन्ही चाके वेगवेगळ्या वेगाने फिरावीत म्हणून आसात डिफरन्शियल बसविलेला असतो. तोच चिखलात शत्रू होतो. एक चाक अधांतरी झाले की सारा जोर त्यातच वाया जातो. लॉक लावले की दोन्ही चाके एकत्र फिरतात. भारतातील हायलक्सला ही सोय विजेच्या बटणावर मिळाली. अन्य कोणतीही गाडी पाहताना ही सोय आहे किंवा नाही, हे विक्रेत्याकडून प्रत्यक्ष दाखवून घ्यावे.

चौथी, *टायर.* महामार्गासाठीचे, सर्व भूमींसाठीचे आणि केवळ चिखलासाठीचे असे टायरचे तीन मुख्य वर्ग आहेत. चिखलाचे टायर डांबरी रस्त्यावर आवाज करतात, लवकर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर थांबण्यास अधिक अंतर घेतात. दोन्हीकडे फिरणाऱ्यास मधला वर्ग पुरेसा असतो. मऊ जमिनीवर टायरमधील हवा थोडी कमी केल्यास पकड वाढते. मात्र डांबरी रस्त्यास लागण्यापूर्वी ती पुन्हा भरणे अनिवार्य आहे. त्यासाठी लहान पंप गाडीतच असावा.

पाचवी, *पाणी.* हायलक्ससाठी ७०० आणि थारसाठी ६५० मिलिमीटर खोलीच्या पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपन्यांनी सांगितली आहे. ही मर्यादा संथ पाण्याची आहे. वाहत्या ओढ्यात त्याहून कमी पाणीही जड गाडीस बाजूला ढकलू शकते. पाण्याचा तळ व ओढ ठाऊक नसेल, तर थांबणे हेच शहाणपण. इंजिन पाण्यात बंद पडले, तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न कदापि करू नये. आत गेलेले पाणी दाबले जात नाही आणि दट्ट्याचे दांडे वाकतात.

या पाच गोष्टींच्या जोडीला चालकाचे शिक्षण हवे. यांपैकी बहुतेक पिकअपमधील चारचाकी जोर कोरड्या डांबरी रस्त्यासाठी नसतो, ही साधी गोष्टही अनेकांना ठाऊक नसते. पुढची व मागची चाके वळणावर निरनिराळे अंतर कापतात. निसरड्या जमिनीवर चाक घसरून हा फरक निघून जातो. कोरड्या रस्त्यावर तो निघत नाही आणि गिअरच्या साखळीवर ताण साचत राहतो.

रोजची परीक्षा

आता गाडी शहरात आणू. व्ही-क्रॉसची लांबी ५,२९५ आणि हायलक्सची ५,३२५ मिलिमीटर आहे. म्हणजे सतरा फुटांहून अधिक. अनेक गृहसंकुलांत गाडीसाठी आखलेली जागा पाच मीटरच्या आसपास असते. उरलेला एक फूट जाण्या-येण्याच्या मार्गात येतो आणि शेजाऱ्यांशी वाद उभा राहतो. गाडी पसंत करण्यापूर्वी आपल्या जागेची लांबी, तळघराच्या उताराची रुंदी आणि छताची उंची टेपने मोजावी. हायलक्सला वळण्यासाठी ६.४ मीटर त्रिज्या लागते. मल्लेश्वरम किंवा बसवनगुडीच्या जुन्या गल्ल्यांत एका दमात वळण होईल, अशी अपेक्षा धरू नये.

दुसरा मुद्दा पाट्यांचा. पिकअप मुळात मालवाहू कुळातील असल्याने तिच्या मागच्या आसाखाली पोलादी पाट्यांची कमान असते. हे पाटे वजन पेलण्यासाठी घडविलेले असतात. हौदा रिकामा असताना ते दबत नाहीत; खड्डे आणि गतिरोधकांवर मागची बाजू उसळते आणि मागे बसलेल्या वृद्धांना व मुलांना त्याचा त्रास होतो. ओल्या घाटरस्त्यावर रिकाम्या हौद्यामुळे मागची चाके हलकी राहतात. वळणावर वेग आवरता ठेवावा लागतो. हौद्यात बेताचे वजन, खाली व नीट बांधलेले असले, की हीच गाडी स्थिर चालते. म्हणूनच अशा गाडीची चाचणी एकट्याने घेऊ नये. कुटुंबास मागे बसवून, खराब रस्त्यावर, किमान अर्धा तास ती चालवून पाहावी.

तिसरा मुद्दा धुराच्या गाळणीचा. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी आली. ती स्वतःला स्वच्छ करते. त्यासाठी इंजिन पुरेसे तापून काही काळ सलग चालावे लागते. घर ते कचेरी अशी चार किलोमीटरची रखडत होणारी फेरीच रोज होत असेल, तर गाळणी तुंबते आणि फलकावर इशारा उमटतो. ज्यांची धाव मुख्यतः शहरातील लहान अंतरांची आहे, त्यांनी डिझेल पिकअपचा विचार करताना हे लक्षात घ्यावे.

हौद्याचे फायदे निर्विवाद आहेत. रोपे, खताची पोती, सायकली, चिखलाने माखलेले तंबू, सारे काही बिनदिक्कत टाकता येते. मात्र झाकण नसेल तर बेंगळुरूच्या अवचित पावसात सामान भिजते आणि बाजारात गाडी उभी केल्यावर ते सुरक्षितही राहत नाही. झाकणाचा खर्च किमतीत धरावा. हौद्यात माणसे बसवू नयेत. एका जोराच्या ब्रेकने अनर्थ होतो.

खर्चाचे गणित

उदाहरणादाखल २० लाख रुपयांचे कर्ज घेऊ. व्याजाचा दर वार्षिक ९ टक्के धरला, तर सात वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे ३२,१८० रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे ७ लाख ३ हजार भरावे लागते. मुदत पाच वर्षांची केल्यास हप्ता सुमारे ४१,५२० रुपये होतो. व्याज मात्र ४ लाख ९१ हजारांच्या आसपास राहते. दोहोंतील अंतर २ लाखांहून अधिक आहे. दर बँकेनुसार व काळानुसार बदलेल. पण लहान हप्त्याचे मोल अधिक व्याजाने चुकवावे लागते, हे सूत्र बदलत नाही.

याहून महत्त्वाचा हिशेब दुर्गम वाटेच्या दिवसांचा. समजा, साध्या गाडीऐवजी चारचाकी जोराचे पिकअप घेण्यासाठी ८ लाख रुपये अधिक पडतात आणि गाडी आठ वर्षे वापरायची आहे. वर्षातून सहा दिवस कच्च्या वाटेवर जाणे होत असेल, तर आठ वर्षांत असे ४८ दिवस भरतात; प्रत्येक दिवसाचा जादा भार सुमारे १६,७०० रुपये. वर्षातून चाळीस दिवस जाणे होत असेल, तर ३२० दिवस होतात आणि तोच भार २,५०० रुपयांवर येतो. पहिल्या ग्राहकाने अशी गाडी त्या त्या दिवसापुरती भाड्याने घेतली, तर हौस पुरी होऊन पैसाही वाचतो. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र खरेदी सयुक्तिक ठरते. गेल्या वर्षीची दिनदर्शिका घेऊन असे दिवस प्रामाणिकपणे मोजावेत. पुढच्या वर्षी किती जाऊ, हा आकडा धरू नये. तो नेहमीच मोठा असतो.

नोंदणी, विमा आणि तारण

पिकअप खासगी वाहन म्हणून नोंदविले जाणार की मालवाहू म्हणून, हे आधी निश्चित करावे. मालवाहू नोंदणीस पिवळी पाटी, योग्यता प्रमाणपत्र आणि शहरातील प्रवेशाच्या वेळांची बंधने येतात. महिंद्राची बोलेरो कॅम्परसारखी दुहेरी केबिनची वाहने प्रामुख्याने या वर्गातील आहेत. कर्जाच्या अटी व विम्याचा हप्ताही नोंदणीप्रमाणे बदलतो. कर्नाटकातील महागड्या खासगी मोटारींवरील आजीवन कर देशातील चढ्या करांपैकी आहे. महाराष्ट्रात नोंदविलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात राहिल्यास नवा क्रमांक घ्यावा लागतो. बदलीच्या नोकरीतील पात्र कर्मचाऱ्यांना २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘बीएच’ मालिकेचा पर्याय आहे; राज्य बदलले तरी तीत क्रमांक बदलावा लागत नाही.

हौशी मंडळी गाडी उंच करतात, रुंद टायर व पोलादी अडसर बसवितात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका स्पष्ट केली. पुढच्या पोलादी अडसरांवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये बंदीचे आदेश दिले. अशा बदलांमुळे विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. कर्ज फिटेपर्यंत गाडी बँकेकडे नजरगहाण असते, याचेही भान राखावे.

विम्याची आणखी दोन कलमे वाचलीच पाहिजेत. पाणी शिरून इंजिनाची झालेली हानी साध्या पॉलिसीत बहुधा येत नाही. इंजिन संरक्षणाची जोड निराळी घ्यावी लागते. तसेच संघटित शर्यती आणि गाडीच्या क्षमतेच्या स्पर्धांतील वापर सर्वसाधारण पॉलिसीतून वगळलेला असतो. गोव्यात २०१४ पासून होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धा पाहून उत्साह वाढला, तरी हप्ते चालू असलेल्या गाडीने त्यात उतरण्यापूर्वी पॉलिसी काढून वाचावी. राखीव वनात परवानगीवाचून गाडी घालणे हा गुन्हा आहे, हे निराळे सांगणे न लगे.

कोणास काय उचित?

चिकमगळूरचा मळेवाला किंवा दोड्डबळ्ळापूरकडे द्राक्षे व फुले पिकविणारा बागाईतदार यांच्यासाठी पिकअप हे कामाचे साधन आहे. हौदा रोज भरतो, पाट्यांना काम मिळते, वाट रोजची असते. किमतीवर लक्ष असेल तर व्ही-क्रॉस, आणि अधिक ताकद व लॉकची सोय हवी असेल तर हायलक्स, असा विचार त्याने करावा. आपल्या गावापासून सेवाकेंद्र किती दूर आहे, हा निकष मात्र त्याने दोहोंच्याही वर ठेवावा. बंद पडलेली गाडी किती दिवस अडकते, यावर त्याचा हंगाम अवलंबून असतो.

व्हाइटफील्डला नोकरी करणाऱ्या आणि महिन्यातून एकदा डोंगराकडे जाणाऱ्या दांपत्यास हौद्याची गरज क्वचितच पडते. त्यांच्यासाठी तीन दारी थार किंवा २०२३ मध्ये आलेली मारुती जिम्नी अधिक योग्य. दोन्हींची लांबी ३,९८५ मिलिमीटर, म्हणजे पिकअपपेक्षा सुमारे सव्वा मीटर कमी. दोन्हींत मंद गतीचे गिअर मिळतात. मात्र थारची केवळ मागच्या चाकांना जोर देणारी आवृत्तीही असल्याने नाव तपासून घ्यावे. जिम्नी पेट्रोलवर चालत असल्याने काजळीच्या गाळणीची काळजी नाही. सामानाची जागा कमी, ही त्यांची उणीव.

ज्या कुटुंबात वृद्ध आई-वडील आहेत, वर्षातून दोन-तीनदा सहाशे किलोमीटरवरील कोल्हापूर गाठायचे असते आणि एवढी एकच गाडी परवडते, त्यांनी साधी, मऊ बैठकीची गाडी घ्यावी. त्यांचा बहुतेक प्रवास महामार्गाचा आहे.

निर्णयापूर्वी स्वतःस विचारावयाचे प्रश्न

१. गेल्या बारा महिन्यांत आपण किती दिवस कच्च्या वाटेवर गेलो?
२. हौद्यात नेण्याजोगे सामान आठवड्यातून किती वेळा असते?
३. घरी व कचेरीत सतरा-साडेसतरा फुटांची जागा आहे का?
४. मागच्या बैठकीवर रोज कोण बसणार?
५. निवडलेल्या आवृत्तीत चारचाकी जोर, मंद गिअर आणि लॉक आहेत का?
६. हप्ता, इंधन, विमा व टायर मिळून होणारा मासिक खर्च घरखर्चास धक्का न लावता निघतो का?
७. नोंदणी कोणत्या वर्गात होणार?

कर्जविभागातील आपल्या सहकाऱ्यांनीही अर्ज स्वीकारताना हे प्रश्न ग्राहकासमोर आपुलकीने ठेवावेत. अनाठायी घेतलेली गाडी दोन वर्षांत तोट्यात विकली जाते आणि कर्जाची बाकी मात्र मागे उरते; त्यात ग्राहकाचे आणि बँकेचेही हित नाही. ज्याचा हौदा रोज भरणार आहे, त्याने पिकअप निःशंकपणे घ्यावी. ज्याचा तो वर्षभर रिकामा राहणार आहे, त्याने लहान गाडी घेऊन उरलेली रक्कम मुदत ठेवीत गुंतवावी. डोंगर कुठेही जात नाही. तयारी होताच त्याला भेटण्यास आपण मोकळे आहोतच.